टिपेश्वरची सहल : काय पाहावें व काय मागूं नये

‘सफारी’ हा शब्द आपणांस नवा वाटतो. परंतु तो आपल्या घरांतील एका जुन्या शब्दाचा भाऊच आहे. अरबी भाषेंत ‘सफर’ म्हणजे प्रवास. हा शब्द फारसीच्या वाटेनें मराठींत आला, आणि अरब व्यापाऱ्यांबरोबर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागून तेथील स्वाहिली भाषेंत ‘सफारी’ झाला. पुढें गोऱ्या शिकाऱ्यांनीं तो उचलला व प्रवासाच्या ह्या साध्या नांवास बंदुकीच्या दारूचा वास लागला. आतां बंदूक गेली असून तिच्या जागीं कॅमेरा आला आहे. परंतु बंदुकीबरोबर शिकाऱ्याची हांव गेली किंवा नाहीं, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे, व तोच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

आपल्या केळापूर तालुक्यास ह्या प्रश्नाशीं विशेष कर्तव्य आहे. कारण टिपेश्वर अभयारण्य आपल्या दाराशीं आहे. केळापूर व घाटंजी ह्या दोन तालुक्यांत तें पसरलें असून त्याचें क्षेत्रफळ सुमारें १४८ चौरस किलोमीटर आहे. १९९७ सालीं शासनानें त्यास अभयारण्याचा दर्जा दिला. टिपाई देवीवरून त्यास हें नांव पडलें असें सांगतात. दूरदूरच्या शहरांतून लोक मोटारी करून येथें येतात. उलट, पांढरकवड्याच्या आसपास जन्मलेल्या कित्येक मुलांनीं त्याच्या आंत एकदांही पाऊल ठेविलेलें नसतें. जीं थोडीं मुलें जाऊन येतात, त्यांस घरीं, शाळेंत, बाजारांत सर्वत्र एकच प्रश्न विचारला जातो : ‘वाघ दिसला काय ?’ उत्तर होकारार्थीं आलें तर सहल सफल झाली. नकारार्थीं आलें तर पैसे पाण्यांत गेले. ही मोजणी चुकीची आहे, इतकेंच नव्हे तर ती वाघास व आपल्या मुलांस अशी दोघांसही अपायकारक आहे, असें माझें मत आहे. तें कां, हें यथामति सांगावयाचें योजिलें आहे.

प्रथम ह्या सहलीचा क्रम कसा असतो तें पाहूं. पावसाळ्यांत अभयारण्य पाहुण्यांस बंद असतें. सामान्यतः ऑक्टोबरापासून जूनपर्यंत तें खुलें राहतें, व दिवसांतून सकाळची आणि दुपारची अशा दोन फेऱ्या होतात. जागा आधीं राखून ठेवावी लागते व ओळखीचा कागद जवळ बाळगावा लागतो. सकाळच्या फेरीसाठीं सूर्योदयापूर्वींच सुन्ना किंवा मथनी येथील प्रवेशद्वारीं हजर असावें लागतें. आंत उघड्या गाडींतून नेतात. तिला येथें सर्व जण ‘जिप्सी’ म्हणतात. हिवाळ्यांत पहांटेचा वारा अंगास बोचतो, तेव्हां कानटोपी व घोंगडी घेण्यास लाजूं नये. उन्हाळ्यांत धूळ व ऊन ह्यांची तयारी ठेवावी. लाल, पिवळे, झगझगीत कपडे घरीं ठेवून मातीच्या अथवा सुकल्या पानाच्या रंगाचे घालावे. अत्तर लावूं नये. गाडींतून खालीं उतरूं नये, ओरडूं नये, प्राण्यांस खावयास टाकूं नये. आणि मोराचें पीसदेखील उचलून आणूं नये, कारण तें तेथलें आहे.

प्रत्येक गाडीबरोबर एक वाटाड्या असतो. त्यास सर्वत्र ‘गाईड’ असेंच म्हणतात. तो बहुधा प्रवेशद्वाराजवळच्या एखाद्या गांवचा तरुण असतो. पुस्तकांत ज्याचा उल्लेख नाहीं अशा पुष्कळ गोष्टी त्याला लहानपणापासून ठाऊक असतात. त्याला ‘दादा’ म्हणून मानानें हांक मारावी, आणि तो थांबा म्हणाला म्हणजे थांबावें. सहा महिने वर्गांत बसून जें कळणार नाहीं तें ह्या दादांच्या संगतींत तीन तासांत कळूं शकतें. अट एवढीच, कीं आपण तोंड बंद व कान उघडे ठेविले पाहिजेत.

आतां तेथें काय पाहावयास मिळतें ? पावसाळा नुकताच संपला असेल तर गवत पुरुषभर उंच असतें व जनावरें त्यांत झांकून जातात. फाल्गुनांत पळस फुलतो व सागाचीं मोठमोठीं पानें गळून जमिनीवर पसरतात. त्या वेळीं एखादें मुंगूस चाललें तरी एखादें मोठें श्वापद आलें असा भास होतो. चैत्र-वैशाखांत पाणी आटतें, व उरलेल्या पाणवठ्यांवर सर्व रान तहानेनें गोळा होतें. चितळ, सांबर, रोही, भेकर, रानडुक्कर, वानर व मोर हे ह्या रानाचे नित्याचे रहिवासी होत. अस्वलानें फोडलेलें वारूळ दिसतें. झाडाच्या सालीवर नखांचे ओरखडे दिसतात. कांहीं ठिकाणीं मोकळीं गवताळ मैदानें लागतात. त्यांकडे पाहतांना एक गोष्ट ध्यानीं धरावी. अभयारण्याच्या पोटांत पूर्वीं टिपेश्वर नांवाचें गांव होतें. तेथील लोकांनीं आपलीं घरें व शेतें सोडून बाहेर वस्ती केली; आणि जेथें एके काळीं माणसाची पाभर चालत होती, तेथें आज गवत वाढून चितळांचे कळप चरतात. वाघाच्या ह्या घरासाठीं कोणी तरी स्वतःचें घर दिलेलें आहे, हें आपण विसरतां कामा नये.

रान वाचावयास शिकणें हा ह्या सहलीचा खरा लाभ आहे. धुळींतील पाऊल वाघाचें कीं तरसाचें, हें ओळखण्याची एक सोपी खूण आहे. वाघ चालतांना नखें आंत ओढून घेतो, म्हणून त्याच्या पावलांत नखांचे ठसे उमटत नाहींत. तरसाच्या पावलांत ते उमटतात. झाडाच्या शेंड्यावर बसलेल्या वानरास दूरचें दिसतें, व खालीं चरणाऱ्या चितळास दूरचा वास येतो. म्हणून हे दोघे एकमेकांच्या आश्रयानें राहतात. वानरानें टाकलेला पाला चितळ खातें, आणि दोघांपैकीं ज्यास प्रथम संकट कळेल तो दुसऱ्यास सावध करतो. हा इशारा ऐकतांच सगळें रान स्तब्ध होतें. वाघ डोळ्यांस न दिसतांही त्या स्तब्धतेंत तो कोणत्या झुडपामागून चालला आहे, हें गाईड बोटानें दाखवूं शकतो. ज्या मुलानें तो क्षण अनुभविला त्यानें वाघ पाहिला नाहीं असें कोण म्हणेल ?

परंतु प्रत्यक्ष दर्शनाची हमी कोणी देऊं शकत नाहीं, व देऊंही नये. पाहुण्यांच्या गाड्यांस अभयारण्याचे ठराविक रस्तेच खुले असतात; वाघास सर्व रान खुलें आहे. दिवसाचा बराच भाग तो सावलींत किंवा पाण्यांत पडून काढतो. शिकारीचे त्याचे बहुतेक प्रयत्न फुकट जातात, व पुढच्या प्रयत्नासाठीं त्याला शक्ति राखून ठेवावी लागते. आपल्या तिकिटाच्या वेळीं रस्त्यावर येऊन उभें राहण्याचें त्यास कांहींच कारण नाहीं. तिकीट हें रानांत शिरण्याचें मोल आहे. वाघाचें मोल आपण भरलेलें नाहीं, व तें भरतांही येणार नाहीं.

हें न समजल्यामुळें काय घडतें, ह्याचें उदाहरण आपल्याच विदर्भांत घडलें आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजीं उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यांत ‘एफ-२’ ह्या नांवानें ओळखली जाणारी वाघीण आपल्या पांच बच्च्यांसह रस्त्यानें जात असतां सफारीच्या गाड्यांनीं पुढून व मागून तिची वाट अडविली. आई आणि तिचीं पिलें मधोमध कोंडलीं गेलीं, व गाड्यांतील माणसें चित्रें घेत राहिलीं. तीं चित्रें सर्वत्र पसरतांच लोकांत संताप उसळला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें आपण होऊन ह्या प्रकाराची दखल घेतली, आणि चालक व गाईड ह्यांवर निलंबनाची व दंडाची कारवाई झाली.

ही कारवाई योग्यच होती. तथापि दोष केवळ चालकांच्या माथीं मारून आपणांस मोकळें होतां येणार नाहीं. ‘आणखी पुढें घ्या, आम्हांस नीट दिसत नाहीं’ हे शब्द चालकाचे नसतात. ते मागें बसलेल्यांचे असतात. ‘वाघ दाखवा, वेगळे पैसे देऊं’ असें सांगणारा मनुष्य गरीब तरुणास नियम मोडण्याची लांच देतो, आणि पुढें तो तरुण नोकरीस मुकला म्हणजे हा गृहस्थ आपल्या शहरीं सुखानें नांदत असतो. जुन्या काळीं शिकारीसाठीं हांका करीत असत. ढोल बडवून, आरडाओरड करून चोहोंकडून रान उठवीत, आणि भ्यालेला वाघ मचाणावरील साहेबाच्या बंदुकीपुढें आणून सोडीत. गाड्यांच्या गराड्यांत सांपडलेल्या त्या आईस आपण हांक्यांत सांपडलों नाहीं हें कसें कळावें ? माझें तर असें म्हणणें आहे, कीं गाईडास खुषीनें कांहीं द्यावयाचेंच असेल तर तें वाघ न दिसलेल्या दिवशीं द्यावें. त्या दिवशीं त्यानें मुलांस इतर गोष्टी दाखविण्याचे अधिक श्रम घेतलेले असतात.

येथें आपल्या तालुक्यांतील पालक एक आक्षेप घेतील, आणि तो हलका नाहीं. ते म्हणतील, ‘गुरुजी, शहरच्या लोकांस वाघ म्हणजे मौज. आम्ही तुरीच्या व हरभऱ्याच्या शेतांत रात्रभर जागल करतों. आमच्या बायका पहांटे कापूस वेंचावयास जातात. आमच्या मुलांस पैसे भरून भीति पाहावयास कशाला पाठवावयाचें ?’ ह्या प्रश्नामागें दुःख आहे. २०१६ पासून २०१८ पर्यंत राळेगांव व पांढरकवडा भागांत तेरा माणसांचे बळी एका वाघिणीच्या नांवावर मांडले गेले. वनखात्यानें तिला ‘टी-१’ म्हटलें, व वर्तमानपत्रांनीं ‘अवनी’. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं ती गोळीस बळी पडली. तिच्या मागें दोन पिलें उरलीं. शहरांतून तिच्या मृत्यूचा निषेध झाला, आणि आमच्या कित्येक गांवांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. दोन्ही भावना खऱ्या होत्या. ज्याच्या घरचें माणूस गेलें त्याच्यापुढें वाघाच्या सौंदर्याचें व्याख्यान देणें हा निर्दयपणा होय. तें मी करणार नाहीं.

तरीही माझें उत्तर असें, कीं आपल्याच मुलांनीं ह्या रानांत जाणें सर्वांत अगत्याचें आहे. ज्यास वाघापासून चारशें मैलांवर राहावयाचें आहे त्याचें अज्ञान त्याला क्षम्य आहे. ज्याचें शेत रानाच्या कडेस आहे त्याला तें परवडणारें नाहीं. वांकून मोहफुलें वेंचणारा मनुष्य वाघास चार पायांच्या जनावरासारखा भासूं शकतो. म्हणून अशा कामास एकट्यानें व अंधारांत जाऊं नये, चार जणांनीं बोलत जावें. मारलेलें जनावर पडलें असेल तेथें फिरकूं नये, कारण त्याचा धनी जवळच असतो. पिलांची आई दिसली तर तिला वाट मोकळी ठेवून मागें सरावें, परंतु पाठ फिरवून पळूं नये. ह्या गोष्टी भिंतीवरील सूचनेंत वाचल्या म्हणजे विसरतात. गाईडाच्या तोंडून, रानाच्या मध्यभागीं, ताज्या पावलाकडे पाहत ऐकल्या म्हणजे जन्मभर आठवतात. आणि मूल त्या घरीं येऊन सांगतें, हा दुसरा लाभ.

शिवाय, वाघ अभयारण्याच्या हद्दींत राहील व आपण बाहेर राहूं, अशी कल्पना करण्यांत अर्थ नाहीं. टिपेश्वरांत जन्मलेल्या ‘टी-१ सी-१’ ह्या तरुण वाघाच्या गळ्यांत २०१९ सालीं रेडिओचा पट्टा बांधला होता. त्या वर्षाच्या जूनमध्यें तो स्वतःसाठीं जागा शोधण्यास निघाला, व तेराशेंहून अधिक किलोमीटर चालून डिसेंबराच्या सुमारास बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. लोकांनीं त्याला ‘वॉकर’ म्हणजे पायीं फिरणारा असें नांव दिलें. पट्टा असेपर्यंत त्याची एकंदर चाल सुमारें तीन हजार किलोमीटर भरली. हा सारा प्रवास शेतें, नाले, रस्ते व गांवांच्या कडा ह्यांतूनच झाला. महाराष्ट्रांत २००६ च्या गणनेंत १०३ वाघ असावेत असा अंदाज होता. २०२२ च्या गणनेंत तो ४४४ वर गेला. वाघ वाढले, रान त्या मानानें वाढलेलें नाहीं. तेव्हां उद्यांचा वाघ आपल्या बांधावरून जाणार, हें धरूनच चाललें पाहिजे. त्या वेळीं रानडुकरासाठीं लावलेला तारेचा फांस त्याच्या गळ्यांत बसतो, किंवा कुंपणांत चोरून सोडलेला विजेचा प्रवाह त्याला मारतो. आणि असल्या कुंपणानें माणसेंही मरतात. एप्रिल २०२१ मध्यें आपल्याच जिल्ह्यांतील मुकुटबनच्या रानांत एका गाभण वाघिणीस गुहेंत कोंडून मारलें व तिचे पंजे कापून नेले. असें कृत्य करणारे हात कोणत्या तरी गांवांतच वाढलेले असतात. त्यांस वेळींच आवरणारे हातही गांवांतूनच यावे लागतील, व ते आज आपल्या वर्गांत पाटी-पुस्तक धरून बसलेले आहेत.

आपल्या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें एकत्र बसतात, आणि ह्या बाबतींत कोणाच्याही घरची शिकवण दुसऱ्याच्या विरुद्ध नाहीं. आमच्या पवित्र शास्त्रांत आरंभींच सांगितलें आहे, कीं देवानें पहिल्या मनुष्यास बागेंत ठेविलें तें तिची मशागत व राखण करण्यासाठीं. ईयोबाच्या पुस्तकांत देव त्या दुःखी भक्तापुढें सिंहीण, रानबकरी, रानगाढव अशीं जनावरें एकामागून एक उभीं करतो; त्यांतील बहुतेक मनुष्याच्या उपयोगाचीं नाहींत, तरी त्यांची चिंता देव वाहतो. विदर्भांतील आदिवासी समाजांत वाघास देव मानून त्याचा मान राखण्याची चाल फार जुनी आहे. मान राखणें म्हणजे लाड करणें नव्हे. दुसऱ्याच्या घरीं जातांना आपण दार ठोठावतों, घरधनी बाहेर आला नाहीं तर आंत घुसून त्याला ओढून आणीत नाहीं. एवढाच शिष्टाचार रानांतही पाळावयाचा आहे.

ह्यासंबंधीं शाळेपुढें व पालकांपुढें माझ्या कांहीं सूचना आहेत. नववीच्या प्रत्येक मुलामुलीस एकदां टिपेश्वरास न्यावें. एका गाडीचा खर्च कित्येक कुटुंबांस झेपणारा नाहीं, हें मी जाणतों. म्हणून ज्यांची ऐपत आहे त्यांनीं सहलीच्या पेटींत चार रुपये अधिक टाकावे, आणि कोणाचे पैसे कोणासाठीं गेले ह्याची वाच्यता होऊं नये. जाण्यापूर्वीं एक आठवडा पाऊलखुणा, झाडें व पक्षी ह्यांचे पाठ घ्यावे. सहलींत मोबाईल शिक्षकांपाशीं जमा असावा, व प्रत्येकाजवळ वही आणि पेन्सिल असावी. कारण चित्र घेणारा डोळे मिटून पाहतो, आणि लिहिणाऱ्यास डोळे उघडावेच लागतात. फेरी संपल्यावर लगेच घरीं न परततां प्रवेशद्वाराजवळच्या गांवांत तासभर बसावें, आणि तेथील वडील माणसांस विचारावें, कीं वाघाशेजारीं राहण्यास काय किंमत पडते. रानाची बाजू व गांवाची बाजू, दोन्ही एकाच दिवशीं ऐकल्या म्हणजे मुलाच्या मनांत न्यायबुद्धि उपजेल. वाघाचें रक्षण करणारा किंवा गांवाचें दुःख मांडणारा उद्यांचा अधिकारी, वकील, शेतकरी, पत्रकर्ता ह्यांतूनच निघावा, अशी आशा आहे.

पालकांस शेवटीं एकच विनंति आहे. मूल संध्याकाळीं धुळीनें माखून घरीं आलें म्हणजे त्याला लगेच ‘वाघ दिसला काय ?’ असें विचारूं नका. आधीं त्याला हातपाय धुऊं द्या, जेवूं घाला. मग त्याची वही मागून घ्या, आणि वानर कोणत्या झाडावरून ओरडलें, पाणवठ्यावर प्रथम कोण आलें, गाईड दादांचें गांव कोणतें, तें विचारा. ह्यांचीं उत्तरें त्याला देतां आलीं तर तुमचे पैसे वसूल झाले असें समजा. वाघ दिसला असेल तर तें तो न विचारतांच सांगेल.